एम्डेनवरचा राजपुत्र आणि बजबजचा धक्का

तेलाच्या डेपोत आयुष्य काढलेल्या माणसाला एक खोड लागते. गाडीच्या खिडकीतून कुठेही गोल पांढरी टाकी दिसली की तो मनातल्या मनात तिची उंची धरतो, भोवतीचा बांध पुरेसा आहे का ते बघतो आणि वारा कुठून येतोय याचा अंदाज घेतो. बायको शेजारून म्हणते, "झालं यांचं सुरू." मी चिपळूणचा. १९९४ साली बदली होऊन बजबजला आलो तो इथलाच झालो. घरमालकीणबाईंनी, म्हणजे आमच्या मासीमांनी, पहिल्याच दिवशी आडनाव ऐकून विचारलं होतं, "बर्गी की? खाजना मागायला आलात?" मराठ्यांच्या स्वाऱ्यांना पावणेतीनशे वर्षं होत आली, बंगाल अजून विसरलेला नाही. मी म्हटलं, मासीमा, या वेळी उलटं आहे, भाडं मीच देणार आहे.

बजबज म्हणजे कोलकात्याच्या दक्षिणेला हुगळीच्या डाव्या काठावरचं गाव. चटकल्या, म्हणजे तागाच्या गिरण्या, आणि तेलाच्या टाक्या ही त्याची दोन पोटं. पलीकडे बाउरिया, मध्ये लाँच चालते. समुद्र इथून नदीच्या वाटेने शंभरेक किलोमीटर लांब आहे, तरी भरतीचं पाणी इथपर्यंत चढतं आणि मोठी भरती आली की बान येतो; पाण्याची भिंतच नदीतून वर धावते. धक्क्याला लागलेलं जहाज तेव्हा दोरांवर कसं कण्हतं ते ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. कोलकात्याहून समुद्राकडे निघालेल्या प्रत्येक जहाजाला आमच्या दारावरूनच जावं लागतं. ही गोष्ट मला एका जर्मन राजपुत्राकडे घेऊन गेली, तीही चेन्नईमार्गे.

नोकरीत असताना आगीच्या प्रशिक्षणासाठी चेन्नईला गेलो होतो. एका संध्याकाळी तिथला तमिळ सहकारी हायकोर्टाच्या आवाराच्या भिंतीपाशी घेऊन गेला आणि एक दगडी पाटी दाखवली. २२ सप्टेंबर १९१४च्या रात्री 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर तोफा डागल्या, त्याची ती खूण. "आमच्याकडे एखादं पोरगं फार धीट, फार चलाख निघालं," तो म्हणाला, "की त्याला 'एमडन' म्हणतात." मला पाटीपेक्षा वेगळंच लागलं होतं. त्या रात्री एम्डेनने नेम धरला होता तो बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्यांवर. तेलाच्या टाक्या म्हटल्यावर आमच्यासारख्याला झोप कशी यायची? बजबजला तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रॉकेल साठवत आलेत. मी एम्डेनबद्दल मिळेल ते वाचू लागलो, आणि अधिकाऱ्यांच्या यादीत टॉर्पेडो विभागाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याच्या नावापाशी अडलो. फ्रांत्स योझेफ, प्रिन्स ऑफ होहेनझोलर्न. वय तेवीस.

कैसरचं घराणं होहेनझोलर्न, हे शाळेत शिकलो होतो. इंग्रजी वर्तमानपत्रांनी तर त्याला सरळ कैसरचा पुतण्या करून टाकलं. तसं ते नव्हतं. होहेनझोलर्नांच्या दोन शाखा तेराव्या शतकातच वेगळ्या झालेल्या. एक उत्तरेकडे गेली, प्रशियाची राजा झाली, पुढे जर्मनीची सम्राट झाली. दुसरी दक्षिणेत स्वाबियात, डॅन्यूबच्या काठावरच्या सिगमारिंगेनच्या किल्ल्यात राहिली आणि कॅथलिक राहिली. फ्रांत्स योझेफ या दुसऱ्या शाखेचा. आपल्याकडे सातारकर भोसले आणि नागपूरकर भोसले म्हटल्यावर जेवढा फरक कळतो, त्याहून हा जास्त होता.

या शाखेची गंमत अशी की जर्मनीतले सगळे राजे १९१८ साली पायउतार झाले, पण हे लोक त्याआधी सत्तर वर्षांपासूनच माजी होते. १८४८ची क्रांती युरोपभर पेटली, सिगमारिंगेनच्या छोट्या संस्थानाला ती झेपेना. फ्रांत्स योझेफच्या पणजोबाने, कार्ल आंटोनने, १८४९ साली राज्यच प्रशियाच्या हवाली केलं. किल्ला राहिला, जंगलं राहिली, पदव्या राहिल्या, मान राहिला. गेलं ते फक्त राज्य. औंध-भोर-सांगली १९४८मध्ये विलीन झाली तेव्हा तिथल्या वाड्यांमध्ये जे झालं असेल ते इथे शंभर वर्षं आधी होऊन गेलेलं.

राज्य नाही म्हणून हे घराणं रिकामं बसलं असंही नाही. युरोपात कुठे सिंहासन रिकामं झालं की सिगमारिंगेनच्या मुलांची नावं पुढे यायची. एक काका रोमानियाच्या गादीवर बसला. आजोबा लिओपोल्ड यांचं नाव १८७०मध्ये स्पेनच्या गादीसाठी निघालं, फ्रान्स भडकलं, बिस्मार्कने त्यात एका तारेचा मजकूर कापूनछाटून तेल ओतलं, आणि फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलं. आजोबांना स्पेन काही मिळालं नाही.

फ्रांत्स योझेफ ३० ऑगस्ट १८९१ला जन्मला तो जुळ्यातला धाकटा. थोरला फ्रीडरिश. वडिलांमागे किल्ला, जमीन, घराण्याचं प्रमुखपद सगळं थोरल्याकडे जायचं होतं आणि १९२७मध्ये ते गेलंही. जन्माच्या वेळचं थोडंसं अंतर, आणि एक भाऊ सिगमारिंगेनचा धनी, तर दुसरा पगारी नोकर. धाकट्यांनी सैन्यात किंवा आरमारात जायचं ही तिकडची रीत. हा आरमारात गेला.

त्यांची एक बहीण होती, आउगुस्टे व्हिक्टोरिया. तिचं लग्न ४ सप्टेंबर १९१३ला सिगमारिंगेनमध्ये झालं. नवरदेव पोर्तुगालचा राजा मॅन्युएल दुसरा, पण त्याची गादी १९१०च्या क्रांतीत गेलेली. राज्य नसलेल्या घरातली मुलगी राज्य गमावलेल्या घरात पडली. नवरा-बायको इंग्लंडमध्ये ट्विकेनहॅमला राहू लागले. वर्षभरात महायुद्ध सुरू झालं, आणि मॅन्युएल ब्रिटिश रेडक्रॉससाठी जखमी सैनिकांच्या इस्पितळांचं काम करू लागला. त्याच वेळी त्याचा मेहुणा ब्रिटिशांची जहाजं बुडवत फिरत होता.

एम्डेन फार मोठी नौका नव्हती. हलकी क्रूझर, १०.५ सेंटिमीटरच्या दहा तोफा, १९०८ साली डान्झिगला पाण्यात उतरवलेली. तिचा तळ चीनच्या किनाऱ्यावर, जर्मनांच्या ताब्यातल्या त्सिंगताओला. युद्धाच्या तोंडावर कप्तान कार्ल फॉन म्युलर तिला घेऊन बाहेर पडला, आणि ऑगस्टच्या मध्यावर बाकीचा ताफा पूर्वेकडे निघाला तेव्हा म्युलरने एकट्याने हिंदी महासागरात जायची परवानगी मागून घेतली. एम्डेनला तीन धुराडी होती. ब्रिटिश क्रूझरना चार असायची. म्हणून त्यांनी चौथं खोटं धुराडं उभं केलं. लांबून बघणाऱ्याला वाटे, आपलंच जहाज आहे. शिवाजीराजांच्या गनिमी काव्यावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे वाचताना नाही म्हटलं तरी बरं वाटतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला ती बंगालच्या उपसागरात शिरली. पुढचे पाच-सहा दिवस कलकत्त्याच्या व्यापारी कचेऱ्यांची झोप उडवणारे ठरले. १० तारखेला 'इंडस' सापडली. ही कलकत्त्याहून मुंबईला निघालेली, आत सैन्याच्या घोड्यांसाठी ठाणबंद केलेली. ११ला 'लोवॅट', तीही मुंबईच्या वाटेवर. १३ला कोळसा भरलेली 'किलिन' आणि चहा भरलेली 'डिप्लोमॅट'. १४ला 'ट्रॅबक', आणि विलायतेहून मोटारगाड्या व आगगाडीची इंजिनं घेऊन कलकत्त्याला येणारी 'क्लॅन मॅथेसन'. कलकत्त्याहून निघालेली ही जहाजं काही दिवस आधी बजबजच्या धक्क्यावरून खाली गेली असणार. हुगळीचा पायलट त्यांना वाळूच्या दांड्यांमधून काढून मुखाशी सोडून परत आला असेल, आणि त्याची पाठ वळली न वळली तोच ही नौका समोर.

एक ग्रीक जहाजही मिळालं, 'पाँटोपोरॉस', बंगालचा कोळसा भरलेलं. एम्डेनवाल्यांनी तो कोळसा घेतला खरा, पण त्याला शिव्याही भरपूर घातल्या. धूर फार, घाण फार, लपून फिरणाऱ्याला नको तो माल. आपल्या राणीगंजच्या कोळशाची कीर्ती जर्मन आरमारापर्यंत अशी गेली.

'इंडस'वर साबणाच्या पेट्या मिळाल्या. एम्डेनवर साबण संपत आला होता, त्यामुळे हा माल सोन्याहून मोलाचा. ही बातमी कलकत्त्यात पोहोचली तेव्हा एका साबणवाल्याने वर्तमानपत्रात जाहिरातच दिली. म्हणणं असं की आमचा साबण आहे हे कळल्यावरच एम्डेनने इंडसचा पाठलाग केला, आता तिच्यावरचे लोक कसे स्वच्छ नि सुगंधी झाले असतील, तुम्हीही वापरून पाहा. युद्धात बाजारपेठ शोधणारा तो पहिलाही नव्हता नि शेवटचाही नव्हता, पण विनोदबुद्धीला मात्र दाद द्यायला हवी.

म्युलरची एक शिस्त होती. जहाज बुडवायचं, माणसं नाही. आधी खलाशी-प्रवासी उतरवून घ्यायचे, मग जहाजाच्या तळाला भोकं पाडायची. 'कॅबिंगा' नावाचं जहाज त्याने सोडूनच दिलं; कप्तानाची बायको आणि मूलही त्यावर होतं. जमवलेले कैदीही त्यावरच चढवून कलकत्त्याकडे रवाना केले. निघताना त्या कैद्यांनी एम्डेनचा जयजयकार केला. कलकत्त्यात हे ऐकून लोकांनी काय म्हटलं असेल याची कल्पना करा. इंग्रजाचा शत्रू सज्जन असू शकतो, आणि इंग्रजाला एकट्याने आठवडाभर नाचवू शकतो, या दोन्ही बातम्या एकदमच आल्या. एका इटालियन जहाजाने खबर दिल्यावर बंदरातली ये-जा थांबली. विम्याचे दर चढले.

मग मद्रास. रात्री साडेनऊच्या सुमारास एम्डेन किनाऱ्याजवळ आली, प्रकाशझोत टाकला आणि सव्वाशेच्या आसपास गोळे सोडून थोड्याच वेळात दिवे मालवून गेली. टाक्या पेटल्या. त्या उजेडाने ती मागे वळून बघणाऱ्यांना पुष्कळ वेळ दिसत राहिली असेल. बंदरात काही माणसं मेली. इथे मी म्युलरच्या सज्जनपणाचं कौतुक आवरतं घेतो. तेलाच्या टाकीभोवती रात्रपाळीला कोण असतं ते मला माहीत आहे. डिप घेणारा असतो, व्हॉल्व्हवाला असतो, पहारेकरी असतो; कुठल्याही युद्धात त्यांचं मत विचारलेलं नसतं.

बजबजच्या टाक्यांना एम्डेनपासून खरा धोका नव्हता. पायलटशिवाय हुगळीत शिरणं म्हणजे आत्महत्या. वाळूचे दांडे दर हंगामाला जागा बदलतात. पण भीतीला नकाशा कळत नाही. मद्रास पेटलं २२ तारखेला, आणि बरोबर एका आठवड्याने, २९ सप्टेंबर १९१४ला, बजबजच्या धक्क्याला एक जहाज लागलं. कोमागाता मारू.

ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. गुरदित सिंग यांनी हाँगकाँगच्या एका जर्मन दलालामार्फत हे जपानी जहाज भाड्याने घेतलं. ३७६ प्रवासी, बहुतेक पंजाबचे शीख शेतकरी, काही मुसलमान, काही हिंदू. त्यांत पूर्वी इंग्रजाच्या पलटणीत चाकरी केलेलेही होते. कॅनडात पोट भरायला निघालेले. व्हँकुव्हरला दोन महिने त्यांना जहाजावरच डांबून ठेवलं आणि २३ जुलैला हाकलून दिलं. ते परतीच्या वाटेवर असताना युद्ध सुरू झालं. सप्टेंबरच्या सुरुवातीला, एम्डेन उपसागरात शिरली त्याच सुमाराला, सरकारने वटहुकूम काढला: बाहेरून येणाऱ्या कुणालाही अडवता येईल, हवं तिथे पाठवता येईल. हुगळीच्या मुखाजवळ कुल्पीला जहाजाची कसून झडती झाली. फारसं काही सापडलं नाही. जहाज कलकत्त्याला न नेता बजबजला लावलं. स्टेशनात पंजाबकडे जाणारी खास गाडी उभी होती, तीत मुकाट्याने बसायचं, असा हुकूम.

लोकांनी ऐकलं नाही. गुरू ग्रंथसाहेब डोक्यावर घेऊन ते चालत कलकत्त्याच्या वाटेला लागले. कित्येक मैल गेल्यावर सैन्याने अडवून परत आणलं. संध्याकाळी स्टेशनाजवळ झटापट झाली, गोळीबार झाला. वीसच्या आसपास प्रवासी मेले, काही पोलीस-अधिकारी आणि बघेही मेले. गुरदित सिंग निसटले आणि सात वर्षं लपून राहिले.

मी ज्या डेपोत नोकरी केली तिथून ती जागा चालत जाण्यासारखी आहे. कितीतरी वेळा पाळी संपवून तिथे बसलोय, भांडमधला चहा घेऊन. आणि दर वेळी त्याच वर्षीचा ११ नोव्हेंबर डोक्यात येतो.

त्याचं असं झालं. ऑक्टोबरच्या अखेरीला पेनांगच्या बंदरात रशियन क्रूझर बुडवून एम्डेन कोकोस बेटांकडे गेली. तिथलं तारायंत्र तोडायला पन्नासेक माणसं उतरवली. बेटावरच्या तारमास्तराने त्याआधीच बिनतारी हाक घातली होती. ९ नोव्हेंबरच्या सकाळी ऑस्ट्रेलियाची 'सिडनी' आली. तिच्या तोफा मोठ्या, पल्ला लांब. दीड-दोन तासांत एम्डेनचं भंगार झालं. टॉर्पेडोचा विभाग पाण्याखालून फुटला. फ्रांत्स योझेफ ज्या कामाचा अधिकारी होता ते कामच संपलं. म्युलरने बुडण्याऐवजी नौका नॉर्थ कीलिंग बेटाच्या खडकावर चढवली. एकशे तीसहून अधिक माणसं मेली, त्यांत तीन चिनी धोबी होते. परदेशी युद्धनौकेवर कपडे धुण्याच्या नोकरीला आलेली माणसं. त्यांची नावं राजपुत्राच्या नावासारखी कुठल्या वर्तमानपत्रात झळकली नाहीत.

जे वाचले त्यांची रात्र खडकावर अडकलेल्या त्या भंगारातच गेली. प्यायचं पाणी नाही, ऊन-धग, जखमींवर समुद्रपक्षी टोचा मारताहेत. दुसऱ्या दिवशी सिडनीवर त्यांना घेतलं. म्युलर आणि राजपुत्र दोघेही धडधाकट होते.

मग ११ नोव्हेंबरला लंडनहून ब्रिटिश आरमारखात्याने जाहीर केलं. कप्तान फॉन म्युलर आणि प्रिन्स फ्रांत्स योझेफ युद्धकैदी आहेत, दोघे जखमी नाहीत. एम्डेनच्या वाचलेल्या लोकांना युद्धातला पूर्ण मान द्यावा आणि अधिकाऱ्यांच्या तलवारी काढून घेऊ नयेत. तलवार कमरेलाच ठेवायची.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून नदीकाठी गेलो. बजबजच्या गोळीबाराला सहा आठवडे झाले होते. इंग्रजाची डझनभर जहाजं बुडवलेल्या, मद्रासवर गोळे टाकलेल्या शत्रूला तलवार ठेवायची मुभा, कारण तो शूर होता, अधिकारी होता, आणि राजघराण्यातला होता. इंग्रजाचेच प्रजाजन असलेले, त्यांच्याच पलटणीत उमर घालवलेले म्हातारे शीख मात्र गाडीत बसत नाहीत म्हणून गोळीला बळी. एम्डेनच्या लोकांशी सिडनीचे लोक सभ्यतेने वागले, याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. तसंच वागायला हवं. पण ती सभ्यता हुगळीत का चढली नाही? पायलट मिळाला नाही, एवढंच म्हणता येईल.

राजपुत्राला कोलंबोमार्गे माल्टाला नेलं. तिथल्या व्हेरदाला बराकीत जर्मन अधिकारी ठेवलेले. म्युलरला १९१६मध्ये इंग्लंडला हलवलं. राजपुत्र मागे राहिला. युद्ध संपून तो घरी पोचला तेव्हा आपला देशच बदललेला त्याने पाहिला. कैसर हॉलंडला पळालेला, जर्मनीतले सगळे छोटे-मोठे राजे घरी बसलेले. १९१९च्या वायमार राज्यघटनेने सरदारकीचे विशेष हक्क काढून घेतले, पण पदव्यांचं एक गमतीदार काम केलं: पदवी नावाचा भाग झाली. 'प्रिन्स' हे आता आडनाव. आपल्याकडे देशपांडे-कुलकर्णी वतनं गेल्यावर आडनावं म्हणून राहिली, तशातलाच प्रकार. आजही जर्मनीत कुणाच्या पारपत्रावर 'प्रिंत्स' दिसला तर तो त्याच्या नावाचा तुकडा असतो, हुद्दा नसतो.

२५ मे १९२१ला फ्रांत्स योझेफने सॅक्सनीच्या शेवटच्या राजाच्या मुलीशी, मारिया अलिक्सशी लग्न केलं. सासरा १९१८च्या नोव्हेंबरात गादी सोडून आलेला. म्हणजे या घरातला आणखी एक सोयरसंबंध माजी राजाशीच. याच १९२१ साली तिकडे गुरदित सिंग गांधीजींच्या सांगण्यावरून नानकाना साहेबला स्वतःहून पोलिसांसमोर हजर झाले आणि तुरुंगात गेले.

राजपुत्राला चार मुलं झाली. १९२५ साली त्याने एम्डेनवरच्या आठवणींचं पुस्तक काढलं, तीन वर्षांत त्याचं इंग्रजी भाषांतर आलं. त्या नौकेवरून वाचलेल्यांना पुढे आपल्या आडनावाला 'एम्डेन' जोडायची मुभा मिळाली, पिढ्यान्‌पिढ्या चालेल अशी. त्यानेही जोडलं: होहेनझोलर्न-एम्डेन. आठशे वर्षांच्या घराण्याच्या नावापुढे एका बुडालेल्या बोटीचं नाव. मला वाटतं, जन्माने मिळालेल्या नावापेक्षा हे नाव त्याला जास्त आपलं वाटत असणार. थोरल्या जुळ्याकडे किल्ला होता, याच्याकडे एम्डेन.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण १९३०च्या दशकात हा माणूस नाझी पक्षात गेला, एसएसमध्येही गेला. तो एकटा नव्हता. गादी गेलेल्या अनेक घराण्यांना हिटलरमध्ये जुनं वैभव परत आणणारा कुणीतरी दिसला, आणि हिटलरला त्यांच्यात मतं खेचणारी शोभेची नावं दिसली. प्रशियाच्या शाखेतल्या कैसरच्या थोरल्या मुलाने तर १९३२मध्ये हिटलरला जाहीर मत दिलं होतं. त्या पाठिंब्याची किंमत त्या शाखेला पुढच्या पिढ्यांतही मोजावी लागली. रशियनांनी जप्त केलेल्या मिळकतीच्या भरपाईचा दावा याच मुद्द्यावर अडला, कारण कायदा सांगतो, नाझींना ज्याने मोठा हातभार लावला त्याला भरपाई नाही. २०२३मध्ये विद्यमान कुटुंबप्रमुखाने तो दावा मागे घेतला.

सिगमारिंगेनच्या वाट्याला तर नाझींकडून वेगळाच प्रसाद आला. १९४४च्या सप्टेंबरात फ्रान्समधून पळालेलं मार्शल पेतँचं व्हिशी सरकार कुठे ठेवायचं, म्हणून हिटलरच्या माणसांनी तो किल्लाच ताब्यात घेतला आणि होहेनझोलर्न कुटुंबाला बाहेर काढलं. १८४९मध्ये राज्य दिलं तेव्हा किल्ला तरी राहिला होता. युद्ध संपल्यावर तो परत मिळाला, आज तिथे तिकीट काढून आत जाता येतं. फ्रांत्स योझेफ ३ एप्रिल १९६४ला ट्युबिंगेनला वारला, वयाच्या बहात्तराव्या वर्षी.

माझ्या तमिळ सहकाऱ्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हणजे तुमचा एमडन शेवटी एमडन राहिला नाही." मी म्हटलं, तेवीस वर्षांचा असताना होता की. मासीमांना सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, "त्याला तलवार ठेवू दिली, मग यांना कृपाण का नाही?" त्यांनी एका वाक्यात जे पकडलं, त्यासाठी मला एवढी पानं लागली.

बजबजच्या स्टेशनाचं नाव आता 'कोमागाता मारू बजबज' आहे. १९५२ साली पंडित नेहरूंनी इथल्या स्मारकाचं उद्‌घाटन केलं. ते आकाशाकडे रोखलेल्या कृपाणाच्या आकाराचं आहे. कॅनडाच्या पंतप्रधानांनी २०१६च्या मे महिन्यात त्यांच्या संसदेत माफी मागितली. गोळ्या झाडल्या गेल्या त्या इथे, आणि त्या झाडणाऱ्यांच्या संसदेने मागितलेली माफी मी अजून वाचलेली नाही.

कोलकात्याला आलात तर सियालदहच्या दक्षिण विभागातून बजबज लोकल पकडा, शेवटचंच स्टेशन आहे. बाहेर टोटोवाल्याला 'पंजाबी मॉन्युमेंट' म्हणा, तो नेऊन सोडेल. २९ सप्टेंबरला आलात तर मी तिथे असतोच.